डिकीच्या रबराखाली

लोखंड विकत घेताना तुम्ही लोखंडाकडे बघता, की विकणाऱ्याच्या तोंडाकडे?

घाईनं उत्तर देऊ नका. माझ्या वडिलांनीही घाई केली होती, आणि ते तर एका मोटार कंपनीच्या वेल्ड शॉपमध्ये सव्वीस वर्षं होते. त्यातली शेवटची चौदा वर्षं तपासनीस म्हणून. पत्र्याला पत्रा जोडताना यंत्र दोन्ही बाजूंनी चिमटा घेतं आणि हरभऱ्याएवढा गोल ठिपका उमटतो. कामगार त्याला स्पॉट म्हणतात. दोन स्पॉटमधलं अंतर ठरलेलं, एका कडेवरची संख्या ठरलेली. बाबा छिन्नी लावून हातोडीनं हलकेच ठोकायचे. जोड हलला तर अख्खी गाडी बाजूला काढायचे, मग सुपरवायझरनं कितीही डोळे वटारले तरी. नव्या मुलांना ते एकच वाक्य शिकवायचे, "माणूस तपासायचा नसतो. माल तपासायचा असतो."

आमच्या काळेवाडीच्या दोन खोल्यांत पुस्तकं कमी आणि पत्रकं ढिगानं होती. बाबा युनियनमध्ये होते. गेटवर वाटायच्या पत्रकांच्या घड्या घालायचं काम माझ्याकडे असायचं आणि मी अक्षरं शिकले तीच मुळी "कामगार बंधू-भगिनींनो" या ओळीवर. पुढे मी स्वतः पत्रकं लिहायला लागले. ती बाबा वाचायचे, पेननं ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे आणि शेवटचा परिच्छेद आधी बघायचे. वाचून झाल्यावर माणसानं उठून काय करायचं ते तिथं लिहिलेलं नसेल, तर म्हणायचे, "हे भेळवाल्याला दे."

तर अशा माणसाच्या घरातली ही गोष्ट आहे.

माझी आई काळेवाडीतून चाकणला डबे पोचवते. कंपन्यांतली बरीचशी पोरं खोली करून राहतात, त्यांना घरचं जेवण लागतं. स्कूटरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, पायाशी एक मोठी पिशवी, आणि आई. मागच्या वर्षी मोशीच्या पुढे एका कंटेनरनं तिला कडेला दाबलं. चाक वाळूत गेलं आणि ती पडली. डावं मनगट मोडलं. आमटी रस्त्यावर पसरली होती आणि आई खाली बसल्या बसल्या जमलेल्या लोकांना सांगत होती, "आधी झाकणं गोळा करा हो. डबे मिळतात, झाकणं मिळत नाहीत."

दवाखान्याच्या बाकड्यावर बाबा तिला म्हणाले, "आता तुला दुचाकीवर बसू देणार नाही." करारावर सही करावी तसं म्हणाले. पण प्लास्टर निघालं आणि आई पुन्हा स्कूटरवर जायला लागली, कारण दुसरं काही दारात नव्हतं. ब्रेक दाबताना तिचं ते मनगट थरथरायचं. मी ते रोज सकाळी बघायचे. बाबाही बघायचे आणि आत निघून जायचे.

नवी गाडी आमच्या आवाक्यात नव्हती. जुनी, लहान, मागची सीट पाडली की डबे बसतील अशी हवी होती. चालवणार बाबा. फोनवर जाहिराती बघता बघता त्यांना एक सापडली. फोटो बरे होते, आणि खाली लिहिलं होतं, 'मालक स्वतः विकत आहे. एजंटांनी त्रास देऊ नये.'

"बघ," बाबा म्हणाले, "स्वाभिमानी माणूस दिसतोय."

गाडी पिंपळे गुरवला एका इमारतीच्या पार्किंगमध्ये होती. संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. विकणारा पस्तिशीचा, अंगात कंपनीचा शर्ट, गळ्यात कार्ड. नुकताच शिफ्ट संपवून आला होता. बाबांनी तोंड उघडलं आणि त्यानं बोलण्यावरनं ओळखलंच.

"मामा, गाव कोणतं म्हणायचं आपलं?"

बाबांनी सांगितलं.

"काय सांगताव! तुमच्या गावापासनं आमचं गाव दोन कोसावर की ओ!"

झालं. चहा आला. दोघं आठवडी बाजारात पोचले, तिथून एसटी स्टँडवर, तिथून कुणाच्या तरी लग्नातल्या भांडणावर. मी गाडीभोवती फिरले. बॉनेटवर हात ठेवला तर चांगलंच तापलेलं.

"आत्ताच भाजीला जाऊन आलो, ताई," तो लांबूनच म्हणाला.

म्हणजे तो गप्पा मारताना माझ्यावर लक्ष ठेवून होता. मी मूळ आरसी मागितली. ती बायकोच्या माहेरी राहिली होती. त्यानं फोनमधला फोटो दाखवला, त्यात अर्ध्या कार्डावर कुणाचा तरी अंगठा. मी विचारलं, कितवे मालक?

"मीच की पहिला."

"कधी ठोकली होती का?"

यावर त्यानं माझ्याकडे नाही, बाबांकडे बघितलं. "मामा, तुमच्यापाशी खोटं बोलू का?"

तो उलटा प्रश्न होता, पण बाबांनी त्याला उत्तर समजून मान डोलवली. रविवारी दहा वाजता येऊन इसार द्यायचं ठरलं. "गिऱ्हाईक लई हायेत मामा," तो आम्हाला सोडायला बाहेर आला, "पर आपल्या माणसाच्या दारात गाडी गेली तर जीवाला बरं वाटतंय."

परत येताना बाबा गुणगुणत होते. घरी पोचल्यावर मला राहवलं नाही.

"तुम्ही डिकीचा रबर ओढून बघितला नाहीत."

डिकीच्या तोंडाभोवती काळ्या रबराची पट्टी असते. ती दोन बोटांनी ओढली की निघते, हातानं दाबली की बसते. तिच्याखाली पत्र्याची कड असते आणि त्या कडेवर कंपनीनं मारलेले स्पॉट उघडे दिसतात. मागून जोरात ठोकलेली गाडी कापून पुन्हा जोडली असेल, तर ते तिथं कळतं, कारण गॅरेजवाला तो जोड हातानं भरतो. हे मला कुणी शिकवलं? बाबांनीच. मी शाळेत असताना ते शेजाऱ्यांच्या गाड्यांचे रबर ओढून मला ठिपके मोजायला लावायचे.

"त्यानं चहा पाजला," बाबा म्हणाले. "त्याच्या दारात उभा राहून त्याचेच रबर उपसू? आपल्या माणसाचा असा पंचनामा करायचा?"

"माल तपासायचा असतो, हे कुणाचं वाक्य?"

"ते कंपनीत."

मी फोनवर परिवहन खात्याच्या ॲपमध्ये गाडीचा नंबर घातला. मालकाच्या नावातली अक्षरं झाकलेली होती, पण मालक कितवा ते स्पष्ट होतं. तिसरा. वर कर्जाचा बोजा अजून उतरलेला नव्हता. मी फोन बाबांपुढे धरला.

"सरकारी कागद," त्यांनी चष्मा काढला. "पीएफच्या कागदावर माझं आडनाव तीन वर्षं चुकीचं होतं. मी काय दुसरा माणूस झालो होतो का? तू पत्रकं लिहितीस म्हणून तुला सगळी दुनिया चोर दिसती, माय."

मला राग आला. पण इथं मला बाबांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. ते या शहरात आले तेव्हा त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. पहिली खोली मिळाली ती गाव जुळलं म्हणून. पहिली नोकरी लागली ती गाववाल्यानं शब्द टाकला म्हणून. माझ्या जन्माच्या वेळी रक्त द्यायला आलेली माणसंही गावाकडचीच. आमच्या वस्तीत हजारो घरं याच एका प्रश्नावर उभी राहिली आहेत, 'गाव कोणतं?' उत्तर जुळलं की लोक छिन्नी खाली ठेवतात. बाहेरचा माणूस आम्हाला फसवू शकत नाही, आम्ही त्याच्याकडे संशयानंच बघतो. आम्हाला फसवायचं तर आमचीच बोली लागते.

आई भाकरी थापत होती. ती मागं न वळता म्हणाली, "माणूस चांगलाच असंल तो. पण मला माणसात नाही, गाडीत बसायचंय."

बाबा न जेवता उठले.

दुसऱ्या दिवशी मी एक पत्रक लिहिलं. एका प्रतीचं, एका वाचकासाठी. वर मोठ्या अक्षरांत 'निवृत्त कामगार बंधूंनो', खाली पाच मागण्या. गाडी थंड असताना सुरू करून बघू द्यावी. मूळ आरसी समोर ठेवावी. चासी नंबर कागदाशी जुळवू द्यावा. बोजा उतरल्याचं बँकेचं पत्र दाखवावं. डिकीचा रबर ओढू द्यावा. घडी घातली आणि त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवली.

बाबांनी ते वाचलं. खिशातून पेन काढून एक वेलांटी दीर्घ केली. मग शेवटच्या मागणीवर पेन टेकवलं.

"मागण्या लई झाल्या," ते म्हणाले.

"सगळ्या बरोबर आहेत."

"बरोबर असून काय उपेग? पाच मागितल्या की मॅनेजमेंट दोन सोप्या देतंय आणि वर हार घालून घेतंय. एकच मागायची. पण अशी, की ती दिली की बाकीचं आपोआप उघडं पडतंय."

"मग रबर," मी म्हणाले. "आणि ओढायचा तुम्ही. मी हात लावणार नाही."

त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. हो म्हणाले नाहीत. पण रविवारी सकाळी आठलाच त्यांनी चपला घातल्या.

"दहाला बोलावलंय," मी म्हणाले.

"तपासणीला कधी सांगून जातात का?"

विकणारा बनियनवर खाली आला. हातात गाडीची किल्ली होती. बहुधा इंजिन तापवायलाच निघाला होता. "मामा! एवढ्या लवकर? या, या, चहा टाकायला सांगतो."

"चहा नंतर," बाबा म्हणाले. हे दोन शब्द म्हणायला त्यांना किती जड गेलं ते मला त्यांच्या मानेच्या शिरेवरून दिसत होतं. "डिकी उघड बरं."

डिकी उघडली. बाबांनी खिशाला एकदा हात लावला, कागद आहे ना ते बघितल्यासारखा. मग खाली वाकून दोन बोटांनी रबर धरला आणि ओढला. तो सळसळत निघून आला. त्यांनी अंगठा कडेवर ठेवला आणि फिरवायला सुरुवात केली. ओठ हलत होते. डाव्या कोपऱ्यापासून ठिपके नीट येत होते, एकासारखा एक. विकणारा म्हणत होता, "मामा, तुम्ही तर एक्स्पर्ट निघालाव." बाबांचा अंगठा मधल्या कुलपापाशी आला आणि थांबला. पुढे ठिपके नव्हते. गुळगुळीत लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरलेली होती आणि तिच्याखाली बोटाला लागेल अशी वेल्डिंगची वळवळीत रेघ.

त्यांनी तळाचा गालिचाही उचलला. रेघ स्टेपनीच्या खड्ड्यापर्यंत गेली होती.

"हितनं पुढं कंपनी संपली," बाबा म्हणाले.

"ते होय? पार्किंगमधी एकानं मागनं जरासं टेकवलं होतं, मामा."

"टेकवल्यावर चासी कापत नाहीत."

"आता जुनी गाडी म्हटल्यावर थोडंफार..."

"या सीटच्या मागं माझ्या बायकोचे डबे राहणार होते, आणि पुढं ती," बाबांचा आवाज चढला नाही. "मागनं ट्रक आला तर हे कागदागत फाटंल. तुला हे माहीत होतं का नव्हतं, एवढंच सांग."

 त्यानं माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. "तुमची पोरगी वकील हाय का, मामा?"

"न्हाई. पत्रकं लिहिती."

बाकीचं मग खरंच आपोआप उघडं पडलं. गाडी त्याची नव्हती. तो कंत्राटावर होता, काम कधी असायचं कधी नसायचं. एका एजंटाच्या गाड्या तो स्वतःच्या म्हणून आपल्या पार्किंगमध्ये उभ्या करायचा आणि विकल्या गेल्या की त्याला काहीतरी मिळायचं. पण गाव? गाव खरं होतं. लग्नातलं भांडण खरं होतं. शर्ट खरा, कार्ड खरं, शिफ्ट खरी. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तो सोंग घेतलेला भामटा असता तर मला हे लिहायची एवढी गरज वाटली नसती. तो खरोखर आमचाच माणूस होता आणि तरीही गाडी कापलेली होती.

बाबांनी रबर पुन्हा जागेवर बसवला. तळहातानं ठोकत ठोकत, नीट, जणू गाडी पुढच्या शॉपला पाठवायची होती. आम्ही निघालो.

फाटकातच रिक्षा थांबली. तिच्यातून एक तरुण जोडपं उतरलं. बाईच्या कडेवर तान्हं मूल, पुरुषाच्या हातातल्या पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आलेली. त्यानं बाबांनाच विचारलं, "काका, ते गाडी विकणारे इथंच राहतात ना? साडेआठची वेळ दिलीय त्यांनी."

विकणारा धावत मागून आला. बाबांच्या दंडाला धरून त्यानं त्यांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात बोलला, पण मी जवळच होते.

"मामा, तुम्हाला घ्यायची नाही, नका घेऊ. माझ्या पोटावर पाय देऊ नका. आपल्याकडचे हाव ना तुम्ही?"

मला वाटलं बाबा जातील. खरं सांगते, मला तसंच वाटलं. आमच्याकडे शहाणा माणूस अशा वेळी 'आपल्याला काय करायचंय' म्हणून चालायला लागतो. आणि त्यांचा चेहरा पडला होता. एका तरुण माणसानं त्यांच्या बोलीत त्यांच्याकडे काही मागितलं होतं, आणि ते त्यांना कधीच नाकारता येत नाही. मी तोंड उघडलं होतं, पण मी हात लावणार नाही असा शब्द दिला होता.

बाबांनी बाईच्या कडेवरच्या मुलाकडे बघितलं. मग विकणाऱ्याचा हात दंडावरून सोडवला.

"तुझ्याबद्दल मी एक शब्द बोलणार न्हाई," ते म्हणाले.

आणि ते परत पार्किंगमध्ये गेले. त्या नवऱ्याला म्हणाले, "ये भावा." डिकी अजून उघडीच होती. त्यांनी रबर ओढला, त्याचा अंगठा धरला आणि डाव्या कोपऱ्यावर ठेवला.

"मोज."

"काय मोजू, काका?"

"हाताला लागतील ते ठिपके. मी काही सांगत न्हाई. तूच मोज. थांबले की मला सांग."

तो मोजायला लागला. मोठ्यानं, शाळेतल्यासारखा. बायको मूल सावरत जवळ येऊन बघायला लागली. मधल्या कुलपापाशी त्याचा आवाज थांबला. त्यानं अंगठा मागे नेला, पुन्हा पुढे आणला. मग वर बघितलं, बाबांकडे नाही, विकणाऱ्याकडे.

"हे काय आहे?"

विकणाऱ्यानं मान फिरवली. आम्ही त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबलो नाही.

त्यानंतर दोन महिने आई स्कूटरवरच गेली. हे लपवण्यात अर्थ नाही. तत्त्वानं वागलं की लगेच काही चांगलं घडतं असं मला पत्रकांनीही शिकवलेलं नाही. रोज सकाळी ती निघाली की बाबा फाटकापर्यंत जायचे आणि तिचा फोन येईपर्यंत आत यायचे नाहीत. मी एकदा तिला म्हणाले, "माझ्यामुळे उशीर झाला."

"स्कूटरवरनं पडले तर मनगट मोडतंय," ती म्हणाली. "तसल्या गाडीत काय काय मोडलं असतं, मोजायला तरी उरले असते का? गप जा, झाकणं आण."

गाडी शेवटी तळेगाव दाभाड्यात मिळाली. विकणाऱ्या एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका. रंग उडालेला, पुढचा दिवा पिवळट. बाईंनी फोनवरच सांगून टाकलं होतं, "डावा दरवाजा बदललेला आहे, एसटीनं घासला होता. आधीच सांगते, नंतर माझ्या डोक्याला कटकट नको." गाडी थंड होती. आरसी टेबलावर होती. किल्ली बाबांच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "तुमच्या मेकॅनिककडे घेऊन जा. मी मागं बसते." जुनी गाडी ठोकलेली असणं हा गुन्हा नाही. ते न सांगता दुसऱ्याच्या लेकराबाळांना तिच्यात बसवणं हा आहे.

तरीही बाबांनी डिकीचा रबर ओढला. बाई चष्म्यावरून बघत राहिल्या आणि विचारलं, काय मोजताय? बाबांनी दाखवलं. मग दोघांनी मिळून उरलेले ठिपके मोजले. सगळे होते.

बाबांनी त्यांना गाव विचारलं. पण रबर परत बसवल्यावर.

तुमच्या घरातलं किंवा ओळखीतलं कुणी येत्या रविवारी जुनी गाडी बघायला निघालं असेल, तर हा कागद त्यांना द्या आणि एवढं एकच करायला सांगा. चहा घेण्याआधी डिकी उघडायला लावा, रबर ओढा, अंगठा फिरवत मोठ्यानं मोजा. ठिपके थांबले तर तुम्हीही थांबा. आणि परत निघताना फाटकात कुणी नारळ घेऊन आत येताना दिसलं, तर खाली मान घालून जाऊ नका. मागं वळा आणि त्यांचा अंगठा त्या कडेवर ठेवा.